माझ्या नावावर तुझा श्वास

सन एकोणीसशे एक्याण्णव, आणि माझं वय सहासष्ट. या वयात पेन हातात धरलंय ते तुझ्याशी भांडायला, सुपडू. तिसरीतून शाळा सुटली तेव्हापासून मी कधी पानभर लिहिलेलं नाही. काना-मात्रा चुकत असतील, चुकू देत. तुला कुठे वाचता येत होतं?

तुझे दिवस सरले, गंधमुक्ती झाली त्या दुपारी पंगत उठली, माणसं हात धुऊन मांडवाच्या सावलीला बसली, आणि जो तो एकच बोलायला लागला. टीबीनं गेला. टीबी वाईटच. टीबी असा पसरतो न् तसा पसरतो. आणि हे बोलता बोलता तंबाखूची पिंक तुझ्याच भिंतीवर टाकत होते. तुझ्या बायकोनं, केसरवहिनीनं, आदल्या दिवशी त्या भिंतीला चुना दिला होता. थुंकीतून रोग जातो हे सांगणारा माणूस थुंकत होता रे!

मग मुकादम उठला. कापसाच्या जिनाच्या शेठनं पाठवला होता त्याला, नारळ आणि टोपी घेऊन. छातीवर हात ठेवून म्हणाला, "सुपडूआबा फार मोठ्या मनाचा माणूस. आपल्या जिनातला हिरा गेला." सगळ्यांनी माना हलवल्या. हिरा! हिऱ्याला खोकला येत नाही, हिरा मजुरी मागत नाही, म्हणून म्हणत असतील.

माझी जीभ अगदी दातापर्यंत आली होती. पण तू माझ्याकडून शब्द घेऊन ठेवला होतास. खाटेवर पडल्या पडल्या माझं मनगट धरून म्हणाला होतास, "मी जित्ता शे तोवर सांगू नको. मंग तुले जे करनं ते कर." मी शब्द पाळला. तू गेलास, त्याची मुदत सरली. त्यानंतर मी काय केलं, ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून हे लिहितोय. परवानगी मागत नाही. सांगतोय.

आपल्या दोघांच्या आयांची आधीची पोरं जगली नव्हती. म्हणून तुला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि मला उकिरड्यावर टाकून उचलून आणलं. तू सुपडू, मी उखर्डू. काळाला वाटावं, हा केर आहे, कशाला न्यायचा. दोघंही जगलो. लहानपणी तू मला चिडवायचास, "मी धान्यामा व्हतू, तू शेणमा." धरणगावच्या गल्लीत हे ऐकून बायका हसायच्या आणि मी तुला मारायला धावायचो. पळण्यात तू मला कधी सापडला नाहीस. तुझी छातीच तशी होती. लग्नसराईत बॅन्डात क्लारनेट वाजवायचास तेव्हा एका दमात वरात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचास. माझ्या मोठ्या पोराच्या हळदीला तू एक सूर इतका लांबवला होतास की नवरदेवाची आत्या म्हणाली, "अरे, याले कोनी पानी पाजा, मरी जाई!" तू क्लारनेट तोंडातून न काढता डोळा मारलास. त्या वेळी मला तुझा अभिमान वाटला होता. त्या वेळी म्हणतोय.

बाकीचं आयुष्य जिनात गेलं, दोघांचंही. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रेचे सुरू व्हायचे ते उन्हाळा लागेपर्यंत. रेच्याच्या तोंडाला कापूस द्यायचा, खाली सरकी पडायची, पुढे रुई निघायची, आणि जे दोन्हीत बसत नाही ते हवेत उडायचं. ते आपल्या वाट्याचं. पापण्यांवर, मिशांवर, कानांत. तोंडाला रुमाल आवळून बांधला तरी संध्याकाळी थुंकलं की पांढरं. सुटी झाली की दारात मुकादम एकेकाला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की छातीतली रुई खाली उतरते म्हणे. तू तो खडा डोळे मिटून चघळायचास, देवाचा प्रसाद असल्यासारखा. मी म्हणायचो, "अरे, गूळ पोटात जातो. छातीत जायला वेगळी वाट आहे." तू म्हणायचास, "तुले काय समजस? तू डाक्टर शे का?" हे भांडण आपलं चाळीस हंगाम चाललं. गुळावर माशा बसलेल्या असायच्या. मी माझा खडा गेटबाहेरच्या गाढवापुढे टाकायचो. ते गाढव जिनातल्या कुणाहीपेक्षा जास्त जगलं, एवढं तरी मान्य कर.

आठवड्याच्या बाजाराला जिन बंद असायचं. आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, कामावर आलं की दुपारपर्यंत सगळ्यांची छाती आवळायची. दोराने बांधल्यासारखी. मग दोन-तीन दिवसांत सैल व्हायची. मुकादमाचं त्यावर ठरलेलं होतं, "बाजाराच्या दिवशी ढोसता, दुसऱ्या दिवशी धापा टाकता." ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही तेही मान खाली घालून ऐकायचे. मलाही वाटायचं, बाजारातली भजी बाधत असतील. कुणालाच कळलं नाही की सुटीच्या दिवशी छाती मोकळी होते, आणि मोकळी झालेल्या छातीला पहिल्या दिवशी कापूस जास्त लागतो.

हे सांगितलं धुळ्याहून आलेल्या त्या तरुण डॉक्टरनं. सात-आठ वर्षं झाली. किडकिडीत पोरगा, चष्मा, हातात वीतभर नळी. नळीत फुंकलं की लाल काटा पुढे सरकायचा. तो म्हणाला, हा टीबी नाही, दमाही नाही, हा कापसाच्या धुळीचा वेगळा आजार आहे. फोटोत दिसत नाही, थुंकीत सापडत नाही, श्वासात सापडतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या आधी फुंकायचं आणि संध्याकाळी कामानंतर फुंकायचं. संध्याकाळी काटा मागे राहिला की समजायचं, कापसानं छाती धरली. असं पुष्कळ जणांचं निघालं, तर शेठला धूळ ओढणारा पंखा बसवायला सांगता येईल. लवकर सापडलं आणि माणूस धुळीतून बाहेर निघाला तर श्वास परत येतो, असंही म्हणाला. मला ते पटलं होतं. पण पटलं हे मी कुणाला सांगत नाही, तुला ठाऊक आहे.

डॉक्टर नळी धुवायला गेला तेवढ्यात मुकादम ओळीजवळ येऊन हळूच म्हणाला, "ज्याचा काटा खाली, त्याची उद्यापासून हजेरी बंद. शेठला रोगी माणसं नकोत. मग म्हणू नका सांगितलं नाही."

झालं. निम्मे ओळीतून मागे सरकायला लागले. आणि तू, मोठ्या मनाचा हिरा, तू पुढे झालास.

जिनात सगळे सारखेच दिसतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, तोंडाला रुमाल, उघडे फक्त डोळे. त्या पोरानं कुणाला ओळखावं? तू एकदा फुंकून मागे जायचास, रुमाल बदलायचास, खांदे पाडून पुन्हा ओळीत यायचास. एकदा लंगडत आलास. एकदा तर बोंडं फोडणाऱ्या म्हाताऱ्या भिकाच्या नावानं वाकून, खोकून आलास आणि असं फुंकलंस की काटा टोकाला जाऊन आदळला. डॉक्टर म्हणाला, "बाबा, कमाल आहे तुमची!" मागे सगळे रुमालात तोंड दाबून हसत होते. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

मी ओळीत नव्हतोच. मी सांगितलं होतं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं मला कुणी बघायचं नाही. गेटजवळच्या निंबाखाली जाऊन बसलो. खरं तर सकाळी सरकीचं पोतं उचलून पायरी चढताना मला दोनदा थांबावं लागलं होतं. तू ते पाहिलं होतंस. तू पाहतोस तेच मला आवडत नसे.

संध्याकाळी डॉक्टर नावं वाचायला लागला. "उखर्डू कोण?" मी निंबाखालून उठलो. तो उठून माझ्याजवळ आला, माझ्या दंडाला हात लावून म्हणाला, "आबा, या वयात तिशीतल्या माणसासारखी छाती. काय खाता?" सगळं जिन हसलं. मुकादमही हसला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू रुमाल काढून झटकत होतास, जसं काही झालंच नाही.

रस्त्यात मी तुला गाठलं. "माझ्या नावानं फुंकायला तुला सांगितलं कुणी?"

"फुकाले काय पैसा पडतस का रे?"

"माझा श्वास माझा आहे."

"आनि मना श्वास मना शे. मी कोनलेबी देसू. तू चूप बस."

तुझं हेच, बघ. दुसऱ्याला विचारायचं नाही आणि वर दानशूर व्हायचं. माझ्या तोंडात घास कोंबलास आणि म्हणालास, जेवला. तुझ्या चांगुलपणाची मला तेव्हापासून शिसारी येते. वाईट माणसाशी भांडता येतं. तुझ्यासारख्याशी काय करायचं?

आणि पुढचं तर त्याहून वाईट. संध्याकाळी सगळ्यांचं फुंकून झाल्यावर शेवटी तुझी स्वतःची पाळी आली होती. स्वतःच्या नावानं फुंकलंस तेव्हा काटा अर्ध्यातच बसला. डॉक्टरनं तुला बाजूला घेतलं. सगळ्या जिनात एकटा तूच आजारी निघालास. तो म्हणाला, "बाबा, तुमची छाती कापसानं धरली आहे. रेच्यावरून उठा. धुळ्याला या, मी नीट तपासतो." तू मान डोलावलीस आणि बाहेर येऊन हसलास. "टीबी नही, काही नही रे भो. मी थकेल व्हतू. बठ्ठास्ना श्वास मीच फुका, मंग मना कसाले उरी?"

त्या दिवशी त्या नळीनं एकच गोष्ट खरी सांगितली, आणि तीच तुला खोटी वाटली. कारण बाकीचा खोटेपणा तुझा होता. मी तेव्हाच म्हणालो होतो, "थकलेला माणूस उद्या बरा होतो. तू उद्या फुंक." तू म्हणालास, "उद्या डाक्टर नही."

शेठला कागद मिळाला. जिनात तू सोडून सगळे ठणठणीत. पंखा आला नाही. मुकादमानं तुला तेवढं रेच्यावरून काढून रुईच्या गठाणी शिवायला बसवलं, कमी मजुरीवर. ज्यांच्यासाठी फुंकलंस त्यातला एकही बोलला नाही. मग तू ते कामही सोडलं नाहीस आणि हंगामात हात कमी पडले की परत रेच्यावर उभा राहिलास. का? तर मुकादमानं "आबा" म्हणून हाक मारली.

मी होळीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. होळीच्या दुपारी तू माझ्या दारासमोर क्लारनेट घेऊन उभा राहिलास. मी आतून कडी लावली. तू वाजवायला लागलास. हळदीचाच तो सूर होता. मी म्हटलं, वाजव किती वाजवतोस. गल्लीतली माणसं जमली. कुणी म्हणालं, "उखर्डूनाना, उघड ना रे आते." मी उघडणार नव्हतो. पण सूर मध्येच तुटला. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. मी कडी काढली ती सुरासाठी नाही. तो थांबला म्हणून काढली. तू ओट्याच्या पायरीवर बसला होतास, क्लारनेट मांडीवर, आणि नुसता हवा शोधत होतास. मी पाणी आणलं. तू घोट घेतलास आणि म्हणालास, "दार उघडं ना शेवटी." त्यानंतर तू क्लारनेट भिंतीला टांगलंस ते टांगलंसच.

एवढ्यावर तरी धुळ्याला जायला हवं होतं. मी किती वेळा म्हणालो! तुझं एकच. "त्या पोऱ्याले फसाडं मी. कोनतं तोंड लईसन जाऊ?" म्हणून गेलास कुठे, तर रस्त्यावरच्या त्या फोटोवाल्या दवाखान्यात. त्यानं छातीचा फोटो उजेडात धरला, नाकाला रुमाल लावला आणि टीबीची सुई सुरू केली. सरकारी दवाखान्यात तुझी थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, प्रत्येक वेळी साफ निघाली. तरी सुया चालू. कान गुणगुणायला लागले, चालताना तोल जायला लागला, आणि श्वास होता तिथंच. घरात तुझं ताट वेगळं झालं. तांब्या वेगळा. थुंकायला राखेचा डबा. नातवंडांना सांगितलं, आजोबाच्या खाटेजवळ जायचं नाही. मी मुद्दाम येऊन तुझ्या ताटातली भाकरी तोडायचो, तर सून तोंड फिरवायची. तुझं काय म्हणणं होतं? "जाऊ दे. तिन्हा पोरं शेतस." सगळ्यांना जाऊ दे. स्वतःला कधी येऊ दे म्हणाला नाहीस.

या हंगामाच्या सुरुवातीला तो डॉक्टर परत आला. आता त्याच्याकडे मोठं यंत्र आहे म्हणाला, कागदावर श्वासाची रेघ काढतं, डोंगरासारखी. छातीत ओढायची औषधं आलीत. टीबीचंही बदललंय, थुंकी तपासल्याशिवाय नुसत्या फोटोवर सुया टोचायच्या नसतात. मी गेटवर होतो. मुकादमानं त्याला आत घेतलंच नाही. ऑफिसातून तो जुना कागद आणला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच लिहून दिलंय. आमच्याकडे सगळे पहिलवान." डॉक्टरनं कागद हातात घेऊन वाचला. त्याला स्वतःचंच अक्षर खोटं कसं म्हणता येईल? तो स्कूटरला किक मारून निघून गेला. आणि आत रेचे चालू होते. आता रेच्यावर भिकाचा मुलगा आहे. तोही पायरीवर थांबतो.

संध्याकाळी तुला हे सांगितलं तर तू हसलास. हसता हसता निळा पडलास. मी म्हणालो, "उद्या धुळ्याला जाऊन मी सगळं सांगतो. तो कागद खोटा आहे म्हणतो." तेव्हा तू मनगट धरलंस. तुझ्या हातात तेवढा जोर कुठून आला, देव जाणे. तुला भीती होती, मजुरी जाईल पोरांची. मी म्हणालो, मजुरी जाईल की श्वास जाईल, एक ठरव. तू म्हणालास, "मना समोर नको. मी खोटा पडसू." म्हणजे एवढंच होतं तर! मोठं मन, मोठं मन, आणि तळाशी एवढीशी अब्रू. मला तुझा इतका राग आला, आणि त्याच वेळी पहिल्यांदा तू मला माझ्यासारखा वाटलास. मीही तर अब्रूसाठीच निंबाखाली बसलो होतो.

तो शब्द देऊन मी घरी आलो. त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. शेवटचं बोलणं भांडणाचंच राहिलं. मला तुला सांगायचं होतं ते राहिलं की ज्या दिवशी तू माझ्यासाठी फुंकलंस त्या दिवशी मुकादमानं मला खरंच काढलं असतं, आणि माझ्या धाकट्याचं लग्न त्याच हंगामावर झालं. हे मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर बोललो नाही होळीपर्यंत.

गंधमुक्तीची माणसं गेल्यावर मी वहिनीजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती वेगळं ताट राखेनं घासत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे टीबी नव्हताच, भाऊ?" मी म्हणालो, "थुंकी तर कधीच बोलली नाही तसं." तिनं ताट घासलं, पुसलं आणि फडताळात बाकीच्या ताटांमध्ये उभं करून ठेवलं. म्हणाली, "मंग जा. तो खोटा पडना तर पडू द्या. आते त्याले काय ऐकाले येस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. एरंडोलला गाडी बदलली. स्टँडवर छाती आवळली तर बाकावर बसलो, लोकांनी बघितलं तर बघू दिलं. धुळ्याला दवाखान्याचा जिना होता. दोनदा थांबलो. डॉक्टरचे केस कानांजवळ पांढरे झालेत. ओळखलं नाही त्यानं. कसं ओळखणार, मी त्याला रुईशिवाय कधी भेटलो होतो?

मी सांगितलं. त्या दिवशीच्या कागदावर जितके चांगले श्वास आहेत ते बहुतेक एकाच माणसाचे आहेत, आणि ज्याला तुम्ही एकट्याला आजारी ठरवलं तोच तो. तो माणूस गेला. बाकीच्यांना शेठच्या गेटाबाहेर, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, मी घेऊन येतो. शिव्या देतील मला, पण येतील. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "आणि कागदावरचा तुमचा?"

"माझाही त्याचाच आहे."

त्यानं नवा कोरा कागद यंत्रात घातला आणि नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं माझ्या नाकाला चिमटा लावला, नळी हातात दिली. मी तुझ्या सवयीनं आधी खांद्यावरचा रुमाल झटकला, आणि माझ्या नावानं, माझ्या छातीतून, जेवढं होतं तेवढं फुंकलं.